वेब सर्व्हर कां अडून बसतो?

महिनोन्‌महिने बिनतक्रार चाललेला वेब सर्व्हर एखाद्या रात्रीं बंद करून पुन्हा सुरू करावा आणि तो सुरूच होऊं नये, असा प्रसंग हीं यंत्रें सांभाळणाऱ्या मंडळींवर वरचेवर येतो. दुसऱ्या दिवशीं परीक्षेचे निकाल लागावयाचे असतात, किंवा इस्पितळाच्या नोंदी त्याच यंत्रावर असतात. कोणी कशास हात लावलेला नाहीं, असें जो तो शपथेवर सांगतो; आणि तें बहुधा खरेंही असतें. दोष कित्येक आठवड्यांपूर्वींच घडलेला असतो, उमटतो मात्र आज.

ह्याचें कारण लायब्ररी फाइलींच्या स्वभावांत आहे. अनेक प्रोग्रॅमांना लागणारें सामाईक काम प्रत्येकानें आपल्या पोटांत न ठेवतां एका फाइलींत ठेवलेलें असतें, व तेथून तें सर्वजण उसनें घेतात. लिनक्सवर एकदां चालू झालेला प्रोग्रॅम जुनी फाइल धरून बसतो. मध्यंतरीं तिच्या जागीं नवी आली तरी त्यास पत्ता नसतो. पुन्हा उठतांना मात्र नव्या फाइलीशींच गांठ पडते.

अपाची हा प्रसिद्ध सर्व्हर ह्या बाबतींत मोठा सावध आहे. त्याला जोडावयाच्या प्रत्येक मॉड्यूलवर एक खूण कोरलेली असते. २०१२ सालीं त्याची २.४ ही आवृत्ति निघाली. तिला २.२ साठीं बांधलेलें मॉड्यूल दिलें, कीं ती कुरकुरते : अपेक्षित खूण ४१५०३२३४, दिसली ती ४१५०३२३२. नवख्यास हे आंकडे एखाद्या गूढ मंत्रासारखे वाटतात. परंतु त्यांच्या जोड्या पाडून संगणकाच्या अक्षरकोष्टकांत पाहाव्या : ४१ म्हणजे रोमन 'ए', ५० म्हणजे 'पी', ३२ म्हणजे दोन व ३४ म्हणजे चार. "ए-पी-२-४ हवें होतें, ए-पी-२-२ आलें," एवढेंच तो बिचारा सांगत असतो! मॉड्यूल २.४ साठीं नव्यानें बांधून घेतलें, कीं तंटा मिटतो.

ओपनएसएसएलचें प्रकरण याहून नाजूक आहे, कारण संदेशांची गुप्तता त्यावर अवलंबून असते. उबुंटूची २२.०४ ही आवृत्ति २०२२ सालीं ओपनएसएसएल ३ घेऊन आली, आणि १.१ वर विसंबलेले प्रोग्रॅम 'फाइल सांपडत नाहीं' म्हणून अडले. कांहीं चतुर लोक नव्या फाइलीलाच जुनें नांव देतात. पण पाटी बदलल्यानें दुकान बदलत नाहीं. आंतल्या खुणांवरही आवृत्ति नोंदलेली असते, व ती तपासली जाते. दुसरे कोठून तरी जुनी १.१ पैदा करतात. काम चालतें खरें, परंतु १.१.१ ची सार्वजनिक दुरुस्ती ११ सप्टेंबर २०२३ रोजीं थांबली. दुरुस्त न होणारें कुलूप दाराला लावून निश्चिंत झोपणें शहाणपणाचें नव्हे.

सर्वांत घातक चूक होते ती ग्लिब्सी ह्या मूळ लायब्ररीपाशीं. डेबियन ११ मध्यें तिची २.३१ आवृत्ति आहे, डेबियन १२ मध्यें २.३६. बाराव्यावर बांधलेला प्रोग्रॅम अकराव्यावर नेला, तर तो बहुधा २.३४ मागतो व उठत नाहीं. अशा वेळीं नव्या यंत्रावरील फाइल उचलून जुनीवर चढविली, तर फाइलींची यादी दाखविणारी साधी आज्ञासुद्धां चालेनाशी होऊं शकते. नवी ग्लिब्सी सामान्यतः जुन्या प्रोग्रॅमांस सांभाळून घेते. जुनीस नव्यांचे लाड पुरवतां येत नाहींत. म्हणून बांधणी जुन्यांत जुन्या यंत्रावर करावी.

निदान करतांना प्रथम चुकांच्या नोंदवहींतील पहिली तक्रार वाचावी. पुढच्या बहुधा तिच्याच लेकी असतात. 'फाइल' ही आज्ञा ३२ कीं ६४ बिटांची बांधणी तें सांगते. 'एलडीडी' कोणती लायब्ररी सांपडली नाहीं तें दाखविते. मात्र परक्या, अविश्वासू प्रोग्रॅमावर ती चालवूं नये, कारण तो त्या निमित्तानें चालूंही शकतो. आणि नव्या फाइली आल्यावर अपाचीची 'कॉन्फिगटेस्ट' ही आज्ञा लगेच द्यावी. ती मॉड्यूलें प्रत्यक्ष चढवून पाहते, त्यामुळें न जुळणारें मॉड्यूल तेव्हांच उघडें पडतें, आणि जुना सर्व्हर तोंवर आपलें काम करीतच असतो.