भाताच्या मुलखातील घोडा

शिवाजी महाराजांच्या काळातील एक पत्र महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. इ. स. १६७० नंतरच्या काही वर्षांत, चिपळूण भागात छावणीस असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना ते लिहिले गेले. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण हिशेबाने खर्च करावी. आताच मन मानेल तशी उधळली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि रयतेस उपद्रव होईल, असा त्याचा आशय आहे. घोड्याच्या चंदीचा हिशेब ही राज्यकर्त्यालाही क्षुल्लक बाब वाटली नाही.

चिपळूण हा भाताचा मुलूख; वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हाही तसाच. अशा मुलखात घोडा बाळगणाऱ्यापुढे एक निराळीच अडचण उभी राहते. येथे वैरणीचा दुष्काळ नसतो. अंगणात तणसाचे ढीग असतात, गिरणीतून कोंडा मिळतो आणि भातानंतर त्याच ओलीवर लाखोळी पिकते. हे सर्व स्वस्त, घरचे आणि बैलाला मानवणारे. घोड्याला मात्र यांतील एकही वस्तू मुख्य आहार म्हणून चालत नाही.

याचे कारण दोघांच्या पोटाच्या रचनेत आहे. बैलाचे पोट चार कप्प्यांचे. तो सावकाश रवंथ करतो आणि निकृष्ट चाराही पचवितो. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असून चाऱ्याचे खरे पचन पुढे मोठ्या आतड्यात होते. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही. जे एकदा पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे. म्हणून त्याला थोडे थोडे, वरचेवर आणि मुख्यतः चांगले गवत लागते. साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाकाठी पाच ते सात किलो वाळलेले गवत हवे. दाणा ही त्यावरची भर होय, आणि तोही एका वेळी दीड किलोहून अधिक नसावा.

आता त्या तीन वस्तूंचा विचार करू. तणसात सिलिकेचा अंश फार व पोषण थोडे. केवळ त्यावर ठेवलेल्या घोड्याचे पोट भरलेले दिसते, पण अंग धरत नाही. पाणी कमी पडल्यास तेच तणस आतड्यात तुंबून पोटशूळ उठतो. कोंड्याचा दोष अधिक फसवा आहे. त्यात स्फुरद विपुल आणि चुना अत्यल्प. असा आहार महिनोन्‌महिने चालला की शरीर आपल्याच हाडांतील चुना काढून घेऊ लागते; हाडे ठिसूळ होतात, जनावर कधी या पायाने तर कधी त्या पायाने लंगडते आणि पुढे चेहऱ्याची हाडे फुगतात. पाश्चात्य देशांत या विकारास पूर्वी पिठाच्या गिरणीवाल्याचा रोग म्हणत, कारण गिरणीवाल्यांचे घोडे कोंड्यावरच पोसले जात.

तिसरी वस्तू लाखोळी. तिच्या अतिसेवनाने माणसाचे पाय लुळे पडतात, हे पूर्व विदर्भाला नवे नाही. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली आणि १९६४ साली बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातील विषारी द्रव्य शोधून काढले. घोडा या विषाला विशेष बळी पडतो. त्याच्या कंठाचे स्नायू लुळे पडतात. उभ्या जागी तो धडधाकट दिसतो, पण दौडविताच श्वासाबरोबर घरघर आणि पुढे डरकाळीसारखा आवाज येऊ लागतो. मागचे पायही दुबळे होतात. आहार बंद केल्यावरसुद्धा हा विकार सहसा पुरता बरा होत नाही. कमी विषाचे वाण पुढे निघाले असले, तरी घोड्याच्या तोबऱ्यात लाखोळी न घालणे हेच शहाणपणाचे. दाणाच द्यायचा तर भिजविलेला हरभरा बेताने द्यावा.

परंतु वस्तू योग्य निवडली म्हणजे काम संपले, असेही नव्हे. एकाच ठाणावर वरातीची घोडी, मुलांचे तट्टू आणि दात झिजलेला म्हातारा घोडा असला, तर तिघांची चंदी एक असू शकत नाही. घोडीला लग्नसराईत दाणा वाढवावा. पण काम नसेल त्या दिवशी तो निम्म्यावर आणावा. रिकाम्या दिवशी पूर्ण दाणा खाऊन दुसऱ्या दिवशी राबलेल्या घोड्याचे पुठ्ठे आखडतात आणि लघवी तांबूस होते. तट्टू थोडक्यात पुष्ट होते. पावसाळ्यातील कोवळे गवत आणि वर दाणा मिळाल्यास त्याच्या खुरांत दाह होऊन ते जागचे हलेनासे होते. त्याला दाणा जवळजवळ नकोच, पण बारीक करण्यासाठी उपाशी ठेवणेही घातक. म्हाताऱ्याला चारा बारीक कापून व दाणा भरडून, भिजवून द्यावा. घोडी अंगावर पाजती असेल, तर तिची गरज एरवीच्या जवळजवळ दुप्पट होते.

यास्तव प्रत्येकाचा तोबरा निराळा आणि खाण्याची जागाही निराळी हवी. नाही तर दांडगे जनावर दुबळ्याचा वाटा खाते. गवत, दाणा वजन करून द्यावा. खाण्यातील कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. पाणी नेहमी समोर असावे आणि मीठ विसरू नये.

शहरातील घरांचा घोड्याशी संबंध आता बहुधा वरातीपुरताच उरला आहे. त्या दिवशी कोणी हौसेने घोडीपुढे पंगतीतील भात नि जिलेबी ठेवतो. तो प्रेमाने देतो, आणि ते नको म्हणण्याचा धीर गरीब मोतद्दाराला होत नाही. रात्री पोटशूळाने लोळणाऱ्या घोडीपाशी मात्र तो एकटाच बसलेला असतो. त्याचे पुढील महिन्याचे पोट तिच्यावरच अवलंबून असते. यजमानाने घोडीसाठी काही करावयाचे असेल, तर बादलीभर स्वच्छ पाणी ठेवावे, सावली द्यावी आणि तिला काय चालते ते मोतद्दाराला विचारावे.