नियतकालिकाचा खर्च कोण सोसतो?

(फुलंब्री येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वाङ्मयीन नियतकालिकांच्या इतिहासात लेखकांची नावे येतात. कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च कोणी सोसला, हे क्वचितच येते. वस्तुतः नियतकालिकाचे स्वातंत्र्य पुष्कळदा तेथेच ठरते.

१९६२ साली बैरुतमध्ये ‘हिवार’ हे अरबी नियतकालिक निघाले. संपादक तौफिक सायिघ स्वतः कवी होते. सुदानचे तय्यब सालिह यांची पुढे जगभर गाजलेली कादंबरी १९६६ साली याच नियतकालिकात प्रसिद्ध झाली. परंतु ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पैशावर ते चालत होते, तिला अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेकडून द्रव्य मिळते, हे त्याच वर्षी उघड झाले. कादंबरीचे मोल त्यामुळे उणावले नाही; नियतकालिकाची पत मात्र गेली. १९६७ साली ते बंद पडले.

त्याच १९६७ साली, येथून जवळच, तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात ‘अस्मिता’ हे त्रैमासिक सुरू झाले. पुढे ते ‘अस्मितादर्श’ म्हणून ओळखले गेले. हे महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे. तेथे शिकणाऱ्या अनेकांच्या घरातील ती पहिलीच शिकलेली पिढी. प्रस्थापित मासिकांत ज्यांच्या अनुभवाला जागा नव्हती, त्यांना प्रा. गंगाधर पानतावणे यांनी लिहिते केले. वर्गणीदार, लेखक-वाचक मेळावे आणि संपादकाची चिकाटी, हेच या त्रैमासिकाचे खरे भांडवल.

१९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. १९९४ साली नामविस्तार होईपर्यंतची ती तणावाची वर्षे या त्रैमासिकाने याच शहरात काढली. वाचकच ज्याचे आश्रयदाते, त्याला अशा काळात कोणाची मर्जी राखावी लागत नाही.

तथापि दारिद्र्याचा गौरव करण्याचे कारण नाही. २०१८ साली पानतावणे निवर्तले. एका माणसाच्या खांद्यावर अर्धशतक भार टाकणे, हे समाजाच्या कंजूषपणाचेही लक्षण आहे. धनिकाच्या एका मोठ्या देणगीपेक्षा शेकडो छोट्या वर्गण्या अधिक सुरक्षित, हा अर्थशास्त्राचा साधा हिशेब आहे. म्हणून फुलंब्रीसारख्या तालुक्यातील प्रत्येक ग्रंथालयाने निदान एका लहान नियतकालिकाची वर्गणी नियमित भरावी आणि जुने अंक रद्दीत न घालता बांधून ठेवावेत. एवढे तरी आपल्या हाती आहे.