अवकल समीकरणांच्या उंबरठ्यावर



कोरेगाव भीमासारख्या गावातून मूल पुण्याच्या महाविद्यालयात जावयास निघाले की घरात एक प्रश्न हटकून निघतो : 'पोराला गणित झेपेल ना?' फीचे पैसे पुष्कळदा उसाच्या बिलातून काढावयाचे असतात. म्हणून हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा नसून साऱ्या घराचा असतो. अभियांत्रिकी किंवा पदार्थविज्ञान शिकणाऱ्याच्या वाटेत अवकल समीकरणे यावयाचीच. त्यांची आपली तयारी आहे की नाही, हे कसे ओळखावे, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

मुळात हे प्रकरण आहे काय? साध्या समीकरणात अज्ञात संख्या शोधावयाची असते. येथे बदलाचा वेग ठाऊक असतो आणि त्यावरून बदलणारी राशीच शोधावयाची असते. ही दृष्टी आपणांस परकी नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाच्या तात्कालिक, म्हणजे त्या क्षणाच्या, गतीचा विचार केला आहे.

घरातलेच उदाहरण घेऊ. चहा ९० अंशांवर आहे, खोलीतली हवा ३० अंशांवर. दहा मिनिटांत चहा ६० अंशांवर आला. आणखी दहा मिनिटांनी किती? 'तीस' असे उत्तर चटकन तोंडात येते, पण ते चुकीचे आहे. न्यूटनच्या नियमाप्रमाणे निवण्याचा वेग चहा व हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो. दहा मिनिटांत हा फरक ६० वरून ३० वर आला. पुढच्या दहांत तो १५ वर येईल. म्हणजे चहा ४५ अंशांवर असेल. हे ज्याला पटते, त्याला या विषयाचा गाभा समजू लागला.

आता कसोटी. एका संध्याकाळी मुलाने कोरी वही घेऊन, मार्गदर्शक न उघडता, चार गोष्टी कराव्यात. पहिली, लघुगणकाचे व घातांकाचे नियम लिहून वापरून दाखवावेत. दुसरी, गुणाकाराचा व साखळीचा नियम लावून अवकलन करावे. तिसरी, 'क्ष गुणिले कॉस क्ष' याचे समाकलन करून, उत्तराचे पुन्हा अवकलन करावे आणि मूळ प्रश्न परत येतो का ते पाहावे. चौथी, चहाची हकीगत समीकरणात मांडावी. यांत तिसरीतला पडताळा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. कारण अवकल समीकरणाचे उत्तरही असेच मूळ समीकरणात घालून तपासता येते. ही सवय असलेला विद्यार्थी दुसऱ्याच्या 'बरोबर'वर अवलंबून राहत नाही.

बारावीच्या गुणांवर फार विसंबू नये. त्या वर्गाच्या पुस्तकात अवकल समीकरणांचे प्रकरण आहेच. परंतु ठरावीक साच्याची उदाहरणे घोकूनही चांगले गुण पडतात. उलट, कमी गुणांचा मुलगा कित्येकदा गणितावर अडत नाही, इंग्रजीवर अडतो. त्याला तेच उदाहरण मराठीत सांगून पाहावे. सुटले, तर त्याचे गणित शाबूत आहे. शब्दांची ओळख तेवढी करून द्यावयाची आहे.

आणि कसोटीत उणे निघाले तर? कोठे उणे, हे तरी कळले! समाकलन कच्चे असेल, तर सुटीत रोज थोडी उदाहरणे पडताळ्यासह सोडवावीत. बीजगणितच ढासळत असेल, तर आधी ते सावरावे. पाया सोडून भिंत चढवू नये. हा विषय आधीच येत असला पाहिजे, असे मात्र मुळीच नाही. तो शिकण्यासाठीच तर महाविद्यालयात जावयाचे.

तेव्हा पालकांस आमची विनंती एवढीच : शेजारच्या मुलाचे गुण पाहून आपल्या मुलाला परतवू नका आणि त्याच गुणांकडे पाहून त्याला पुढे ढकलूही नका. आधी त्याची वही पाहा.