रात्री दोन वाजता कोण उठतं?



पौड रस्त्यानं पिरंगुट ओलांडलं की घोटावडे फाटा लागतो. तिथं उजवीकडे वळायचं, भरे मागे टाकायचं, की आलं आमचं घोटावडे. गावाच्या पलीकडे माण आणि माणच्या पुढे हिंजवडी. एका अंगाला आंबेमोहोराची खाचरं, दुसऱ्या अंगाला काचेच्या इमारती. मधल्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत प्लॉट पडले, बंगले उठले, आणि त्यातल्या काही बंगल्यांच्या फाटकावर नव्या पाट्या लागल्या. कुठे 'वृद्धाश्रम', कुठे 'केअर सेंटर', कुठे नुसतंच 'सहजीवन'. आमच्या मुळशी तालुक्यातच असं झालंय असं नाही, पुणे शहराच्या चारी कडांना हेच चित्र आहे. शहरात जागा परवडत नाही, गावाकडे भाडं कमी पडतं, हवा चांगली असते, आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाला शनिवारी येऊन जाता येतं.

आज मला बोलायचं आहे ते ही घरं चालवणाऱ्यांशी. म्हातारपणी आईवडिलांना घरीच ठेवावं की नाही, या वादात मी शिरणार नाही. तो वाद दिवाळी अंकांनी आणि नाटकांनी पुरेसा घातलेला आहे. ज्यांना अशा घरात ठेवावं लागलं, त्यांचं पुढे काय होतं, एवढाच माझा विषय.

मला फोन येतात. "ताई, आईसाठी एखादी चांगली जागा सांगा." मग प्रश्न सुरू होतात. जेवण घरगुती आहे का, खोलीत टीव्ही आहे का, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, डिपॉझिट परत मिळतं का. सगळे प्रश्न योग्यच. पण रात्री दोन वाजता आई उठून बाथरूमकडे निघाली, तर तिच्याबरोबर कोण उठतं, हे मात्र अगदी क्वचित कुणी विचारतं. अनेकदा पडणं तेव्हाच होतं. पडलं की खुबा मोडू शकतो आणि खुबा मोडला की सगळं गणितच बदलतं.

कुटुंबं हा प्रश्न विचारत नाहीत, हे मी समजू शकते. ती आधीच अपराधी मनानं आलेली असतात. नवल याचं वाटतं की सरकारसुद्धा हा प्रश्न विचारत नाही.

आमच्या गावात कुणाला असं घर काढायचं असेल तर कागद किती लागतात बघा. बांधकामाची परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून, म्हणजे पीएमआरडीएकडून. ना-हरकत दाखला ग्रामपंचायतीचा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायची. दवाखान्यासारखे उपचार करणार असाल तर 1949 सालचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आडवा येतो. फाईल जाडजूड होते. पण पंचवीस म्हाताऱ्या माणसांमागे रात्री किती माणसं जागी हवीत, त्यांना काय शिकवलेलं हवं, याची विचारणा यातल्या एकाही टेबलावर होत नाही.

कायदे नाहीत असं नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 साली झाला, महाराष्ट्रात तो मार्च 2009 पासून लागू आहे आणि राज्याचे नियम 2010 मध्ये आले. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जायचं. ते दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून देऊ शकतं. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि पुढे अट मोडली, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची सोय कलम 23 मध्ये आहे. याच कायद्याचं कलम 19 म्हणतं की राज्य सरकारनं टप्प्याटप्प्यानं वृद्धाश्रम काढावेत आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान एकापासून, निदान दीडशे निराधार ज्येष्ठांच्या सोयीपासून सुरुवात करावी. मात्र शब्दरचना 'काढू शकेल' अशी आहे, आणि त्या दोन शब्दांत सरकारला पाय पसरायला भरपूर जागा मिळाली. माजी कायदामंत्री अश्वनीकुमार यांनी याचिका केली, तेव्हा डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं, की कुठल्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत, तिथे औषधोपचाराची काय सोय आहे, ती माहिती राज्यांकडून गोळा करा. कायदा होऊन अकरा वर्षं झाली होती आणि अजून मोजणीच चालू होती.

त्यानंतर एक संधी आली. डिसेंबर 2019 मध्ये या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. ज्येष्ठांच्या निवासांची नोंदणी, त्यांचे किमान दर्जे, घरी माणसं पुरवणाऱ्या संस्थांचीही नोंदणी, सगळं त्यात होतं. दहा हजारांची मर्यादाही निघणार होती. पण त्याच विधेयकात जबाबदारीच्या व्याख्येत जावई आणि सून आली, आणि घरोघरी चर्चा झाली ती तेवढ्याचीच! नोंदणीची कलमं किती जणांनी वाचली असतील, मला शंकाच आहे. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला, आणि 2024 साली लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयक तिच्याबरोबर गेलं.

आता सगळी घरं एकाच माळेची नाहीत. भूगावला किंवा पाषाणला 'अथश्री'सारखी जी ज्येष्ठांची संकुलं आहेत, तिथे हिंडतीफिरती माणसं स्वतःच्या घरात राहतात. या संकुलांसाठी केंद्राची 2019 सालची आदर्श मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि मे 2024 मध्ये बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या आपल्या महारेरानंही नियमावली काढली. चाकाची खुर्ची जाईल एवढे दरवाजे, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणारी फरशी. चांगलं काम झालं. घर विकत घेणाऱ्या ज्येष्ठाची काळजी घेतली गेली. दुसरा प्रकार धर्मादाय वृद्धाश्रमांचा, आणि त्याचं वय मोठं आहे. नव्या पेठेतला 'निवारा' ज्या संस्थेतून आला ती एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिली. राज्यात 1995 नंतर मातोश्री वृद्धाश्रम निघाले.

माझा जीव अडकलाय तो तिसऱ्या प्रकारात. अंथरुणाला खिळलेली माणसं, नाकातून नळी असलेली, लघवीची पिशवी लावलेली, विस्मरणानं स्वतःचं नावही हरवून बसलेली, अशांना ठेवून घेणारं घर. ते दवाखाना नसतं आणि नुसता आश्रमही नसतं, म्हणून ते कुठल्याच खात्याचं नसतं. आणि पुढच्या काळात गरज वाढणार आहे ती याच घरांची.

या घरातलं काम काय असतं, ते मी जरा सविस्तर सांगते, कारण बाहेरून ते कळत नाही. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. रात्रीसुद्धा. नाहीतर कंबरेला, टाचेला, खुब्याला त्वचा लाल होते, मग फुटते, आणि एकदा बेडसोर खोल गेला की तो भरायला महिने जातात. हवेची गादी आणली म्हणजे झालं, असं नसतं. गादीनं मदत होते, पण कूस माणसालाच बदलावी लागते. भरवायचं तर आधी बसतं करून, आणि भरवल्यावर लगेच आडवं करायचं नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. विस्मरणाच्या आजोबांचा कठीण वेळ संध्याकाळचा. दिवे लागले की ते पिशवी भरतात आणि फाटकाशी जाऊन उभे राहतात, "घरी जायचंय." त्यांच्याशी वाद घालणारी बाई अर्ध्या तासात थकते. "चला आजोबा, चहा घेऊन निघू," म्हणणारी बाई त्यांना परत आत आणते. हे शिकवावं लागतं, आणि शिकवलं तर येतं.

ते शिकवतं कोण? माणसं येतात ती पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत. बारा तासांची मावशी, चोवीस तासांची मावशी. ब्युरो कमिशन घेतो, प्रशिक्षण म्हणाल तर आधीच्या पेशंटकडे जे झालं असेल तेच. आमच्याकडच्या बायकासुद्धा विचारतात, "ताई, त्या बंगल्यात बाया लागत्यात का?" लागतात तर. शेत विकलेल्या घरांतल्या सुनांना गावातच काम मिळतंय, हे मला मोलाचं वाटतं. पण दहापेक्षा कमी नोकर असले की ईएसआयचा विमा लागू नाही, वीसपेक्षा कमी असले की पीएफची सक्ती नाही, आणि आपली बहुतेक घरं या रेषांच्या खालीच राहतात. जिच्या स्वतःच्या पाठदुखीला औषध नाही, तिच्याकडून आपण सत्तर किलोच्या आजोबांना उचलण्याची अपेक्षा करतो.

अमेरिकेची एक ताजी हकीकत सांगण्यासारखी आहे. तिथल्या केंद्र सरकारनं 2024 मध्ये शुश्रूषागृहांसाठी नियम काढला, की प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला किमान 3.48 तासांची शुश्रूषा मिळालीच पाहिजे आणि प्रशिक्षित परिचारिका चोवीस तास हजर हवी. चालकांची संघटना न्यायालयात गेली आणि एप्रिल 2025 मध्ये टेक्सासच्या न्यायाधीशांनी नियम रद्द केला. संघटनेचं म्हणणं होतं, माणसंच मिळत नाहीत तर आणायची कुठून? हे म्हणणं खोटं नाही. खेड्यातल्या लहान घरांना खरोखरच कुलूप लागलं असतं. तरी एक फरक लक्षात घ्या. तिथे भांडण आकड्यावर चाललं होतं. परवाना, तपासणी, तक्रारींची नोंद, हे 1987 सालच्या कायद्यापासून पक्कं झालेलं आहे. आपल्याकडे आकड्यावर भांडायला आधी आकडा तरी हवा.

म्हणून माझं चालकांना सांगणं असं, की नोंदणी तुम्हीच मागा. मला ठाऊक आहे, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आणखी एक इन्स्पेक्टर, आणखी एक पाकीट! भीती रास्त आहे. पण नोंदणी नसल्याचा तोटा प्रामाणिक चालकालाच होतो. तो रात्रपाळीला दोन माणसं ठेवतो, त्याचा दर वाढतो, आणि शेजारच्या बंगल्यात रात्री बाहेरून कडी लावून झोपणारा स्वस्तात माणसं घेतो. फोनवर चौकशी करणाऱ्या मुलाला दोघांतला फरक फक्त पैशातच दिसतो. शिवाय एखाद्या घरात काही वाईट घडलं आणि पेपरात आलं, की लोक सगळ्याच घरांकडे संशयानं बघतात.

पैशाचंही तसंच. ज्यांची नोंद नाही त्यांच्यासाठी कुणी तरतूद करत नाही. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. मोठी गोष्ट आहे. खुब्याचं ऑपरेशन त्यात होईल. पण ऑपरेशननंतरचे दोन-तीन महिने उठवणं, चालवणं, न्हाऊ घालणं, यासाठी त्यातून पैसे मिळत नाहीत. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार डायपरलाही पुरत नाहीत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदा तीन हजार मिळतात, त्यात वॉकर आणि कमोड खुर्ची येते, आणि ती जरूर घ्यावी. जीएसटीत 2018 साली एक सवलत आली, की आयकराच्या 12 एए खाली नोंदलेल्या संस्थेनं साठीच्या पुढच्या रहिवाशाकडून राहणं-जेवण धरून महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत घेतले तर कर नाही. अंथरुणावरच्या माणसाचा खर्च सहज त्या रेषेपाशी पोचतो. ही रेषा वर सरकवा म्हणून सांगायला चालकांची एकजूट हवी. जर्मनीनं 1995 मध्ये आणि जपाननं 2000 मध्ये दीर्घ शुश्रूषेचा सक्तीचा विमाच काढला, जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. आपण तिथवर कधी पोचू ते पुढचं पुढे.

तोवर करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यासाठी मुंबई-दिल्लीकडे बघायला नको. फाटकाजवळ एक फळा लावा. आज किती रहिवासी, दिवसा किती माणसं, रात्री किती, रात्रीच्या माणसाचं नाव, जवळचं रुग्णालय कोणतं. पडण्याची आणि बेडसोरची वही ठेवा, आणि ती नातेवाइकांना दाखवा. भेटीच्या वेळा उठवून टाका. कुणी न सांगता आलं तर चहा करा. 108 ची गाडी बोलावली तर किती वेळात येते, याचा अंदाज एकदा संध्याकाळी सहा वाजता घ्या. माण-हिंजवडीचा रस्ता त्या वेळी कसा असतो ते इथल्या कुणालाही विचारा. आणि पौडचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं की पुण्याकडे निघायचं, हे त्या घाईत ठरवू नका, आधी ठरवून ठेवा.

ग्रामपंचायतीकडेही मागणं आहे. राज्याच्या नियमांप्रमाणे पोलीस ठाण्यानं हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्यानं राहणाऱ्यांची यादी ठेवायची असते. एका छपराखाली जे पंचवीस ज्येष्ठ राहतात, ज्यांचं मतदान कोथरूडला आणि रेशनकार्ड साताऱ्याला, ते कुणाच्या यादीत? ना-हरकत दाखला देतानाच पंचायतीनं अशा घरांची वही उघडावी, वर्षातून दोनदा आशाताई आणि एखादा सदस्य तिथे जाऊन येऊ दे. तपासणी म्हणून नको, विचारपूस म्हणून जावं. घरात राहणाऱ्यांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना तक्रार करायची असेल तर एल्डरलाईन या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा क्रमांक 14567 आहे, फोनला पैसे पडत नाहीत. तो क्रमांकही त्या फळ्यावरच, मोठ्या अक्षरांत लिहा. आणि तिथल्या मावश्यांनाही सांगा की तो त्यांनीसुद्धा लावायला हरकत नाही.

ग्रामसभा 26 जानेवारीला, 1 मेला, 15 ऑगस्टला आणि 2 ऑक्टोबरला असते. विषय आधी ग्रामपंचायतीकडे लेखी द्यावा, साध्या कागदावर चालतो. घोटावडे, भरे, माण, रिहे, कुठल्याही गावात असं घर चालवत असाल तर पुढच्या सभेला स्वतः या, आणि रात्रपाळीच्या मावशींनाही बरोबर आणा. त्यांना बोलू द्या.