रस्ता कोणाचा, करार कोणाचा?

(धंतोली, नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



शहराच्या मध्यवस्तीतील रस्ते काही दिवस बंद करावेत, तेथे मोटारींची शर्यत भरवावी, आणि हा सोहळा वर्षानुवर्षे होत राहावा म्हणून एखाद्या कंपनीशी करार करावा, ही कल्पना भारतीय शहरांना आता नवी राहिलेली नाही. हैदराबादेत २०२२ साली असा करार झाला. चेन्नईत २०२४ च्या ऑगस्टअखेरीस आयलंड ग्राउंडच्या परिसरात रात्रीची शर्यत झाली. २०२५ साली ही लाट महाराष्ट्रात पोहोचली आणि पाम बीच मार्ग ते नेरूळचा तलाव अशा सुमारे पावणेचार किलोमीटरांच्या मार्गावरील शर्यतीसाठी नवी मुंबई महापालिकेने आयोजक कंपनीला इरादापत्र दिले. असा प्रस्ताव उद्या कोणत्याही शहरापुढे येऊ शकतो. तो येतो तेव्हा घाईने येतो, झगमगाटासह येतो, आणि विचार करण्याची सवड नागरिकांना मिळत नाही. म्हणून प्रस्ताव दारात उभा राहण्यापूर्वीच त्याचा विचार केलेला बरा.

प्रथम हैदराबादचा अनुभव पाहिला पाहिजे. कारण करार म्हणजे काय असतो, हे तेथे जितके उघडे पडले तितके अन्यत्र पडलेले नाही. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी, सचिवालय, लुंबिनी उद्यान आणि नेकलेस रोड या भर वस्तीच्या भागात विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. मार्ग तीन किलोमीटरांहूनही कमी लांबीचा. देशोदेशीचे चालक आले, दूरचित्रवाणीवरून शहराचे दर्शन जगाला घडले, आणि सत्ताधाऱ्यांनी हैदराबाद जागतिक शहरांच्या रांगेत बसल्याचे सांगितले. मूळ करार त्रिपक्षीय होता. एका बाजूला स्पर्धेची मालकी असलेली परदेशी कंपनी, दुसऱ्या बाजूला खर्च उचलणारी खासगी कंपनी, आणि तिसऱ्या बाजूला राज्याचे नगरविकास खाते. तो एका वर्षापुरता नव्हता. चार हंगामांसाठी होता.

पहिल्याच शर्यतीनंतर खासगी कंपनीने अंग काढून घेतले. व्यापारात तोटा दिसला की व्यापारी दुकान बंद करतो, त्यात नवल नाही. नवल यानंतर घडले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी नवा करार झाला आणि त्यात खर्च उचलणाऱ्याच्या जागी सरकारच उभे राहिले. हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाच्या तिजोरीतून सुमारे ५५ कोटी रुपये गेले. त्या वेळी राज्यात विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू होती. ३० नोव्हेंबरला मतदान झाले, सरकार बदलले, आणि ५ जानेवारी २०२४ रोजी पुढची शर्यत रद्द झाल्याची घोषणा स्पर्धा-कंपनीने केली. डिसेंबर २०२४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने माजी मंत्री के. टी. रामाराव आणि दोन अधिकारी यांच्यावर गुन्हा नोंदविला. मंत्रिमंडळाच्या मंजुरीवाचून पैसा दिला गेला, हा त्यातील मुख्य आरोप. रामाराव यांनी तो राजकीय सूडाचा प्रकार म्हणून फेटाळला. त्यांचा दोष आहे की नाही, हे न्यायालयाने ठरवावयाचे. पण एक गोष्ट ठरविण्यास न्यायालयाची गरज नाही. नफ्याची आशा होती तोवर शर्यत खासगी होती. तोटा दिसू लागताच ती सार्वजनिक झाली. कराराच्या मसुद्यात ही वाट मोकळी ठेवली जाते, आणि तो मसुदा सामान्य नागरिकाला कधीच वाचावयास मिळत नाही.

चेन्नईची कथा निराळी असली तरी बोध तोच आहे. तेथील मार्ग साडेतीन किलोमीटरांचा. जवळच राजीव गांधी शासकीय रुग्णालय आणि ओमंदुरारचे शासकीय रुग्णालय. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने शर्यतीला अटींवर परवानगी दिली, परंतु सरकारने केलेला ४२ कोटी रुपयांचा खर्च आयोजक कंपनीने भरून द्यावा, असेही सांगितले. पुढे २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा तो आदेश रद्द केला. यावरून कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावयाचे ते असे की, न्यायालयाच्या पायरीवर हा प्रश्न सुटत नाही. सार्वजनिक पैसा क्रीडानगरीच्या कीर्तीवर खर्च करावा की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे. आणि धोरण लोकप्रतिनिधींच्या सभागृहात, उघड चर्चेने ठरावे लागते.

परंतु सभागृहच अस्तित्वात नसेल तर? नवी मुंबईत नेमके हेच होते. तेथील लोकनियुक्त सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली साडेपाचहून अधिक वर्षे प्रशासकाचा कारभार होता. पाच वर्षांची एक संपूर्ण मुदत मतदारांना प्रतिनिधी न मिळता गेली. इरादापत्र दिले गेले ते याच काळात. नागपुरातही मार्च २०२२ पासून २०२६ च्या जानेवारीपर्यंत हीच स्थिती होती. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करण्याचे बंधन घातले आहे. ते बंधन राज्यातील शहरांत वर्षानुवर्षे पाळले गेले नाही. एरवी आयुक्ताने प्रस्ताव ठेवावा आणि स्थायी समितीने अथवा महासभेने तो तपासावा, अशी रचना असते. प्रशासकाच्या राज्यात प्रस्ताव ठेवणारा हात आणि मंजुरी देणारा हात एकच असतो. त्या काळात झालेल्या प्रत्येक दीर्घ मुदतीच्या कराराची फेरतपासणी करणे, हे नव्या सभागृहांचे कर्तव्य आहे.

शर्यतीच्या बाजूने जे म्हटले जाते, तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. शर्यतीमुळे पर्यटक येतात, हॉटेले भरतात, रस्ते गुळगुळीत होतात, तरुण अभियंत्यांना नव्या यंत्रविद्येची ओढ लागते, विजेवरील वाहनांचा प्रसार होतो. यातील काही गोष्टी खऱ्या आहेत. तरुणांना वेगाचे आकर्षण असते, आणि त्यात काही पाप नाही. मोटारींच्या शर्यतीसाठी कोईमतूरजवळ आणि चेन्नईच्या बाहेर स्वतंत्र धावपट्ट्या आहेत. ग्रेटर नोएडाच्या धावपट्टीवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे जागतिक शर्यत झाली. तेथे कोणाचे दार बंद झाले नाही. आक्षेप शर्यतीला नाही. आक्षेप आहे तो मध्यवस्तीतील सार्वजनिक रस्ता तिकिटाच्या कुंपणाआड घालण्याला, आणि ते घालण्याचा अधिकार बंद खोलीत विकण्याला. रस्ते गुळगुळीत करावयास शर्यत लागते, असे म्हणणाऱ्या महापालिकेने तर स्वतःच्याच कारभाराची कबुली दिलेली असते.

धंतोलीतच उभे राहून पाहिले म्हणजे हा आक्षेप नुसता तात्त्विक राहत नाही. एके काळची ही शांत, बंगल्यांची वस्ती आता दवाखान्यांची वस्ती झाली आहे. विदर्भाच्या सर्व जिल्ह्यांतून आणि मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या सीमाभागातून रुग्ण येथे येतात. वाहने उभी करण्यास जागा नाही म्हणून येथील रहिवाशांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागावी लागली. एका बाजूला वर्धा मार्ग, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ. वाटा मुळातच मोजक्या. यवतमाळहून किंवा गोंदियाहून आणलेल्या अत्यवस्थ रुग्णाच्या गाडीला येथे दहा मिनिटांचा वळसा म्हणजे काय, हे येथील परिचारिकेला विचारावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालयांभोवतीचा किमान शंभर मीटरांचा भाग शांतता क्षेत्र ठरविता येतो. अशा वस्तीतून किंवा वस्तीलगत शर्यतीचा मार्ग आखणाऱ्याने नियमांचे पुस्तक आधी मिटवून ठेवले पाहिजे.

आणि या दवाखान्यांच्या आधाराने जगणारी माणसे निराळीच. फळांची गाडी, चहाची टपरी, रुग्णाच्या नातेवाइकांना पोळीभाजी देणारी बाई, ऑटोवाला. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या विक्रेत्याला तीस दिवसांची नोटीस दिल्यावाचून हलविता येत नाही. शर्यतीच्या मार्गावरील विक्रेत्याला ही नोटीस कोणी देतो काय? हॉटेले भरल्याचा हिशेब लाभाच्या रकान्यात मांडला जातो. टपरीचा बुडालेला आठवडा कोणत्याच रकान्यात येत नाही. कठडे, कुंपणे आणि प्रेक्षकांचे मंच उभारावयास व काढावयास लागणारा काळ शर्यतीच्या दोन दिवसांहून कितीतरी मोठा असतो, ही गोष्टही जाहिरातीत नसते.

नागपूरकराला रस्ता बंद होण्याची दुसरी एक ओळख आहे. दर हिवाळी अधिवेशनात शेतकरी, अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार, आदिवासी यांचे मोर्चे विधानभवनाकडे निघतात आणि टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेजच्या चौकात अडविले जातात. धरणे धरणाऱ्यांना धंतोलीच्या यशवंत स्टेडियमजवळ जागा दाखविली जाते. कारण एकच सांगितले जाते: वाहतूक खोळंबते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच परिसरात अडविलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. त्यांत स्त्रिया आणि मुले होती. त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आज सीताबर्डीवरून जातो. ज्या व्यवस्थेला पोटाचा प्रश्न घेऊन आलेल्यांसाठी एक तास रस्ता मोकळा ठेवणे अवघड वाटते, तिला तिकिटे विकणाऱ्यासाठी आठवडाभर रस्ता बंद करणे सोपे वाटावे, यात रस्त्यावरील हक्काची उतरंड स्पष्ट दिसते.

रस्ता कधीच बंद होऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा इतवारी-महालातील वाहने थांबतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीकडे लाखो माणसे पायी येतात; १९५६ पासून हे शहर त्यांना वाट करून देत आले आहे, ठिकठिकाणी पाणी आणि अन्न देत आले आहे. मुंबईत २००४ पासून मॅरेथॉन होते. तिच्यामागे प्रायोजक आहेत, जाहिराती आहेत. तरीही काही तासांपुरत्या मोकळ्या झालेल्या त्या रस्त्यावर हजारो नागरिक स्वतः धावतात आणि काठावर उभा राहणारा फुकट पाहतो. या सर्व प्रसंगी रस्ता नागरिकांचाच राहतो. कुंपण घालून तिकीट लावले की रस्त्याचा मालक बदलतो, निदान तेवढ्या दिवसांपुरता.

जनमताचा अंकुश कसा चालतो, याचे एक उदाहरण कॅनडातील आहे. माँट्रियलच्या मध्यवस्तीत जुलै २०१७ मध्ये विजेच्या मोटारींची हीच शर्यत झाली. रहिवासी आणि दुकानदार त्रस्त झाले, फुकट वाटलेल्या तिकिटांचा आकडा उशिरा बाहेर आला, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत महापौर दनी कोदेर पराभूत झाले. नव्या महापौर व्हालेरी प्लांत यांनी डिसेंबरात पुढच्या वर्षाची शर्यत रद्द केली. तेथे मतदाराला बोलता आले, पण तेही पैसा खर्च झाल्यावर. मतदाराचा शब्द स्वाक्षरीच्या आधी घेतला जावा, असा आग्रह येथे धरावयाचा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रभागाप्रभागांत, जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांपुढे, काही मागण्या स्पष्ट शब्दांत ठेवाव्यात. सार्वजनिक रस्ता खासगी आयोजकाला देणारा कोणताही करार महासभेच्या ठरावावाचून होऊ नये. कराराचा संपूर्ण मसुदा मराठीत, स्वाक्षरीपूर्वी किमान एक महिना, नागरिकांना वाचावयास मिळावा. आयोजकाने माघार घेतली तर त्याचा भार महापालिकेवर अथवा सुधार प्रन्यासावर पडणार नाही, हे कलम त्यात असावे, आणि त्यासाठी आगाऊ अनामत घेतली जावी. रुग्णालयांकडे जाणारे मार्ग आणि शांतता क्षेत्रे पूर्णपणे वगळली जावीत. ज्यांची रोजी बुडते त्या विक्रेत्यांना व ऑटोचालकांना त्या अनामतीतून भरपाई मिळावी. आणि दरवर्षीचा करार आपोआप पुढे चालू राहू नये. प्रत्येक शर्यतीनंतर पोलीस, सफाई आणि दुरुस्ती यांसह जमाखर्च सभागृहापुढे यावा व पुढच्या वर्षाची परवानगी नव्याने मागितली जावी.

या मागण्यांत अवास्तव असे काही नाही. नळाची जोडणी घेणाऱ्या सामान्य माणसाकडून महापालिका याहून अधिक कागद मागते. ज्याला शहराचा मध्यभाग हवा आहे त्याने एवढे कागद द्यावेत. ज्या कार्यकर्त्यांच्या शहरात असा करार झाला असेल, त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली त्याची प्रत मागून पहिले पाऊल टाकावे. ती प्रत चौकात वाचून दाखवावी. आणि फळगाडीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत ज्यांचा तो रस्ता आहे, त्यांच्या सह्यांचे निवेदन पुढच्या महासभेपूर्वी महापौरांच्या हाती द्यावे.