आधी खर्च, मग भाडे



इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात भरलेल्या, वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अध्यापक-विद्यार्थ्यांच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून मी बोलतो आहे. मी आयुष्यभर परिव्यय लेखांकन शिकवले. वर्गात हा विषय रुक्ष वाटतो, कारण आपण तो काल्पनिक कारखान्याच्या काल्पनिक आकड्यांवर शिकवतो. म्हणून आज मी एक खराखुरा धंदा आपल्यापुढे मांडणार आहे: कमी खर्चाच्या विमान कंपन्या. याच धंद्यात, याच देशात, गेल्या वीस-बावीस वर्षांत काही कंपन्या बुडाल्या आणि एक इतकी वाढली की निम्म्याहून अधिक प्रवासी एकट्या तिच्याकडे गेले. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

वरकुट्यात विमानांची चर्चा कशाला, असे कुणाला वाटेल. पण बारामतीच्या धावपट्टीवर वैमानिक शिकतात आणि त्यांची छोटी विमाने आपल्याच शेतांवरून घिरट्या घालतात. इकडे सोलापूरला होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. त्यावरून ऊस उत्पादक सभासदांनी केवढा संघर्ष केला, तो आपण पाहिला आहे. त्याच विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची सेवा सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची. कारखान्याच्या सभासदांनी ज्याची किंमत मोजली, ती सेवा टिकणार का, हा प्रश्न आपल्या भागाचा आहे.

आधी एक घोळ दूर करू. स्वस्त तिकीट विकणारी कंपनी आणि कमी खर्चाची कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट कुणीही स्वस्त करू शकतो, त्याला फक्त तोटा सोसण्याची तयारी लागते. खर्च कमी करायला रचना लागते. या धंद्यात मोजायचा आकडा म्हणजे एक आसन एक किलोमीटर नेण्याचा खर्च. तो प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी असेल, तर भाडे कमी ठेवूनही कंपनी जगते. नसेल, तर प्रत्येक भरलेले विमान तिला आणखी खोल नेते.

ही रचना घडवली अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीने. जून १९७१ मध्ये टेक्सासमधल्या तीन शहरांत तिने उड्डाणे सुरू केली. पुढच्याच वर्षी पैशाच्या अडचणीत चारपैकी एक विमान विकावे लागले. वेळापत्रक मात्र चार विमानांचेच ठेवायचे होते. मग विमान थांब्यावर लागल्यापासून दहा मिनिटांत तिथून पुन्हा हलवायचे, असा नियम कर्मचाऱ्यांनी पाळून दाखवला. साखर कारखान्याचे गणित माहीत असलेल्या या सभेला यातले मर्म सांगायला नको. गाळप चालू असो वा नसो, कर्जाचे व्याज आणि कायम कामगारांचा पगार थांबत नाही. जितके दिवस जास्त गाळप, तितका पोत्यामागचा बोजा कमी. विमानाचेही तसेच. ते जमिनीवर उभे असते तेव्हा फक्त खर्च होतो. एकाच जातीची विमाने, एकच वर्ग, झटपट फेरी, या सगळ्यांचा उद्देश विमान दिवसाचे जास्तीत जास्त तास हवेत ठेवणे हाच असतो.

भारतात हे दार उघडले कॅप्टन गोपीनाथ यांनी. लष्करातून निवृत्त झालेला, कर्नाटकातल्या गोरूर गावचा, शेती केलेला हा माणूस. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांच्या एअर डेक्कनचे पहिले विमान बंगळूर आणि हुबळी यांच्यामध्ये उडाले. विमान छोटे, पंख्याचे एटीआर. तिकिटे इंटरनेटवर, पेट्रोल पंपांवरही मिळू लागली. एक रुपयाच्या तिकिटाची जाहिरात घराघरांत पोहोचली. ज्यांच्या घरात कुणी कधी विमानात बसले नव्हते, अशी माणसे विमानात बसली. हे काम मी फार मोठे मानतो आणि आज हिशेब मांडताना त्याची किंमत कमी करणार नाही. पण हिशेब मांडायलाच हवा. कंपनी वाढली ती फार वेगाने. एटीआरच्या जोडीला एअरबस आल्या, म्हणजे वैमानिक दोन प्रकारचे, सुटे भाग दोन प्रकारचे, दुरुस्ती दोन प्रकारची. भाडे कमी होत गेले, त्या वेगाने खर्च कमी झाला नाही. २००७ मध्ये किंगफिशर या विमान कंपनीने तिच्यात हिस्सा घेतला, पुढे दोन्ही एक झाल्या. ऐषआरामाची सेवा विकणारा मालक आणि काटकसरीवर उभी असलेली कंपनी एका छपराखाली नांदणे अवघड होते. २०११ मध्ये किंगफिशरने स्वस्त सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची स्वतःची सगळी विमाने जमिनीवर आली.

आता ज्या दोन कंपन्यांची तुलना मला सर्वांत बोधप्रद वाटते, त्यांच्याकडे वळतो. वाडिया समूहाच्या मुंबईच्या गोएअरने नोव्हेंबर २००५ मध्ये उड्डाण केले. राहुल भाटिया आणि राकेश गंगवाल यांच्या इंडिगोने ४ ऑगस्ट २००६ रोजी. दोघींची विमाने एअरबस ए-३२०. सुरुवातीला दोघींचा एकच वर्ग. दोघींकडे खाण्याचे पैसे वेगळे. वरवर पाहता एकाच साच्यातल्या.

फरक सुरुवातीलाच पडला होता. इंडिगोने एकही विमान उडवण्याआधी, २००५ मध्ये, एकदम १०० विमानांची मागणी नोंदवली. इतकी मोठी मागणी नोंदवणाऱ्याला किमतीत भरघोस सूट मिळते. मग विमान हाती आले की ते भाडेपट्टा कंपनीला विकायचे आणि तेच काही वर्षांसाठी भाड्याने घ्यायचे. सवलतीत घेतलेले विमान बाजारभावाने विकले, म्हणजे रोकड हाती येते. मुदत संपली की जुने विमान परत जाते आणि नवे येते. नवे विमान इंधन कमी पिते, दुरुस्तीला कमी बसते. विक्री-आणि-परतभाडे हा व्यवहार आपल्या पाठ्यपुस्तकात चार ओळींत आटोपतो; देशातली सर्वांत मोठी विमान कंपनी उभी राहण्यात त्याचा केवढा वाटा आहे, हे मुलांना कुणी सांगत नाही.

गोएअर मात्र बरीच वर्षे मुद्दाम लहान राहिली. सावधपणा हा दोष नाही. बाजारात इतर कंपन्या तोट्यात पैसा ओतत होत्या, तेव्हा हातचे राखून चालणे शहाणपणाचेच वाटले असणार. पण दोघींनी पुढे इंधन वाचवणाऱ्या नव्या ए-३२० निओ विमानांची मागणी केली, दोघींनी प्रॅट अँड व्हिटनीचे इंजिन निवडले, आणि त्या इंजिनाने दोघींना दगा दिला. इंजिने दुरुस्तीला गेली, बदली इंजिने वेळेवर मिळेनात, विमाने उभी राहिली. गोएअरने तोवर गो फर्स्ट हे नाव घेतले होते. २ मे २०२३ रोजी तिने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा तिच्या पन्नासहून थोड्या अधिक विमानांपैकी जवळजवळ निम्मी उभी होती. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला.

त्याच इंजिनामुळे इंडिगोची उभी विमाने एका टप्प्यावर सत्तरीच्या पुढे गेली होती. म्हणजे गो फर्स्टच्या एकूण ताफ्यापेक्षाही जास्त. तरी इंडिगो चालत राहिली. तिचा ताफा साडेतीनशेच्या वर होता आणि २०१९ मध्येच तिने पुढच्या विमानांसाठी दुसऱ्या कंपनीचे इंजिन निवडले होते. एकच जात, एकच इंजिन हे काटकसरीचे सूत्र लहान कंपनीला जास्त धोक्याचे ठरते, कारण तोच एक पुरवठादार अडला की तिच्याकडे दुसरे काही उरत नाही. काटकसर आणि जोखीम एकाच निर्णयातून कशा येतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

स्पाइसजेटबद्दल थोडक्यात. मे २००५ मध्ये सुरू झालेली ही कंपनी बोइंगवर उभी होती; २०११ पासून छोट्या शहरांसाठी तिने क्यू-४०० ही वेगळी विमाने घेतली. २०१४ मध्ये सवलतींच्या विक्रीवर विक्री लावून तिने आगाऊ पैसा गोळा केला. डिसेंबरमध्ये तेल कंपन्यांनी उधारी नाकारली आणि उड्डाणे ठप्प झाली. जानेवारी २०१५ मध्ये तिचे सहसंस्थापक अजय सिंग परतले म्हणून ती वाचली. उद्याच्या प्रवाशाच्या पैशाने आजचे इंधन भरणे ही योजना नव्हे, ती उधारी आहे.

आता आपल्या राज्यातल्या लहान शहरांकडे येतो. इथे माझे मत काहीसे कठोर आहे. केंद्राच्या उडान योजनेत सुमारे तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांचे भाडे सुरुवातीला २,५०० रुपयांवर बांधलेले होते आणि कंपनीची तूट तीन वर्षे सरकार भरून देत असे. डिसेंबर २०१७ मध्ये नव्या रूपातल्या एअर डेक्कनने जळगाव-मुंबई सेवा सुरू केली, तेव्हा खानदेशात मोठा आनंद झाला. सेवा अनियमित राहिली आणि २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत कंपनीच थांबली. नांदेड, जळगाव, कोल्हापूरला जोडणारी हैदराबादची ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल सांगतो की उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे सुरू झाले त्यांपैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली. आणि अनुदान संपल्यावरही टिकले फक्त ५४.

हे का होते? लहान विमानाचा आसनामागचा खर्च मोठ्या विमानापेक्षा जास्त असतो, आणि लहान शहरातल्या प्रवाशाची ऐपत कमी असते. या दोन टोकांमधली दरी अनुदान तीन वर्षे झाकते, बुजवत नाही. त्यात मुंबईला सोयीच्या वेळी उतरायला जागा मिळत नाही. सकाळी जाऊन मंत्रालयातले किंवा उच्च न्यायालयातले काम करून संध्याकाळी परत येता येत नसेल, तर व्यापारी आणि वकील त्या विमानाने जाणार नाहीत. ते रात्रीच्या रेल्वेनेच जातील. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे ही अडचण सैल व्हावी, अशी माझी आशा आहे.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरजवळच्या घोडावत समूहाची स्टार एअर मला लक्ष ठेवण्याजोगी वाटते. जानेवारी २०१९ पासून चालणाऱ्या या कंपनीने मोठ्यांच्या मैदानात उतरण्याचे टाळले. पन्नास आसनांची जेट विमाने घेऊन ती अशा शहरांच्या जोड्या शोधत गेली, जिथे दुसरे कुणी नव्हते. २०२३ मध्ये ७६ आसनांची विमाने आणली, त्यांत थोडी आसने वरच्या वर्गाची ठेवली. स्वस्तातल्या स्वस्त तिकिटापेक्षा वेळ वाचवण्याचे पैसे देणारा लहान शहरातला उद्योजक हा तिचा ग्राहक. सोलापूर-मुंबई सेवाही तिचीच. सोलापूर-गोवा सेवा देणारी गोव्याची फ्लाय-९१ मार्च २०२४ पासून एटीआर विमाने वापरते, कारण पाचशे किलोमीटरच्या आतल्या अंतरात पंख्याचे विमान इंधनाची चांगली बचत करते. दोघींचे मार्ग वेगळे आहेत. अनुदान संपल्यावर काय होते, त्यावरच खरा निकाल लागेल.

एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. काटकसर कुठे थांबवायची, याचाही विचार आपण शिकवला पाहिजे. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारे आणि रात्रीची उतरणे कमी करणारे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. ते येणार हे सर्वांना आधीपासून ठाऊक होते. तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोकडे वैमानिक अपुरे पडले. एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि देशभरचे विमानतळ अडकलेल्या माणसांनी भरले. माणसांचा राखीव साठा शून्यावर आणणे याला मी कार्यक्षमता म्हणणार नाही. २०२२ च्या जुलैमध्ये आपल्या तालुक्यात, कडबनवाडीच्या शिवारात एक शिकाऊ विमान कोसळले आणि वैमानिक मुलगी सुदैवाने वाचली. तिला शेतातून बाहेर काढायला धावलेली माणसे आपलीच होती. वैमानिकाचे प्रशिक्षण आणि विश्रांती हा वाचवण्याचा खर्च नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागणार नाही.

अध्यापक मित्रहो, इंडिगो आणि स्पाइसजेट या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत. त्यांचे वार्षिक अहवाल कुणालाही विनामूल्य वाचता येतात. महालेखापरीक्षकांचा अहवालही खुला आहे. ते इंग्रजीत आहेत म्हणून आपल्या मुलांपासून दूर राहू नयेत. आसनामागचा खर्च, इंधनाचा वाटा, भाडेपट्ट्याचा बोजा हे आकडे मराठीत फळ्यावर मांडा. मग त्याच पद्धतीने आपला साखर कारखाना, आपला दूध संघ, आपल्या गावावरून जाणारी खासगी बस यांचा हिशेब मुलांकडून करून घ्या. पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येक महाविद्यालयाने विद्यार्थ्यांनी केलेला असा एक तरी हिशेब सोबत आणावा, अशी अध्यक्ष या नात्याने माझी आपणा सर्वांना विनंती आहे.