शब्दसंपत्तीचा संचय

इंग्रजींतील कठीण शब्दांच्या याद्या पुष्कळ विद्यार्थी पाठ करतात. परीक्षा संपली कीं ते शब्दही विस्मरणांत जातात. पाठांतर व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्यामागें निकड मात्र हवी. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय पुढारी माल्कम एक्स यांचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे.

त्यांची शाळा आठव्या इयत्तेनंतर सुटली, आणि १९४६ मध्यें घरफोडीच्या गुन्ह्यासाठीं त्यांना तुरुंगवास घडला. चारचौघांत त्यांचें बोलणें प्रभावी ठरे. पत्र लिहावयास बसले म्हणजे मात्र मनांतील विचाराला शब्द सांपडत नसे. ग्रंथ वाचतांनाही ते वाक्यावाक्याला अडखळत. अखेर नॉरफोक येथील तुरुंगांत त्यांनीं शब्दकोश, वह्या व पेन्सिली मागून घेतल्या आणि कोशाचें पहिलें पान विरामचिन्हांसकट उतरून काढलें. एवढ्यालाच एक दिवस लागला, असें त्यांनीं १९६५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत सांगितलें आहे. मग तें पान ते मोठ्यानें वाचीत. जे अर्थ आठवत नसत, ते पुन्हा पाहत. याच क्रमानें त्यांनीं सारा कोश उतरला. पुढें वाचन इतकें वाढलें कीं, रात्रीं दिवे मालवल्यावरही कोठडीबाहेरच्या उजेडांत तें चाले.

कोशानें शब्दांची ओळख करून दिली, ग्रंथांनीं ती दृढ केली, आणि सांगण्याची तळमळ असल्यामुळें ते जिभेवर आले. ज्या शब्दावांचून आपलें म्हणणें अडलें होतें, तो एकदां सांपडला म्हणजे सहसा विसरत नाहीं.